गोळी आपल्याच गावची



गेल्या महिन्यातल्या गुडघेदुखीच्या लेखावर इतके फोन आले की, हैदराबादच्या मराठी माणसाला गुडघ्यांशिवाय दुसरा अवयवच नसावा, असं मला वाटू लागलं. या वेळी जरा वर सरकू या, यकृताकडे. २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो हे निमित्त आहेच. खरं कारण मात्र वेगळं आहे. एका घरची गोष्ट सांगायची बरेच दिवस मनात होती, आणि परवा त्या वहिनींनी स्वतःच सांगितलं, "लिहा डॉक्टरताई, फक्त नाव घालू नका." म्हणून नाव घातलेलं नाही, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत. आजार, औषधं आणि माझी चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

वहिनींचं माहेर मराठवाड्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तसं १९९४ मध्ये त्या तिकडे गेल्या. मुलगा झाला, पण रक्तस्राव थांबेना. तालुक्याच्या गावातलं छोटं प्रसूतिगृह होतं. धावाधाव करून तीन बाटल्या रक्त आणलं गेलं आणि त्या वाचल्या. ते रक्त कुणाचं होतं, हे विचारायची तेव्हा कुणाला शुद्ध नव्हती. पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक रक्तदाते त्या काळी सर्रास असत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून तो प्रकार बंद झाला. हिपॅटायटिस सीची तपासणी तर रक्तपेढ्यांमध्ये त्याहीनंतर सक्तीची झाली. मुळात हा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ मध्ये. तोवर डॉक्टर मंडळी त्याला "ए नाही, बी नाही" अशा नकारार्थी नावाने ओळखत. तो शोधणाऱ्या तिघांना २०२० चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

बारा वर्षांनी, २००६ मध्ये, वहिनींना पाठीवर नागीण उठली, वजन उतरलं, ताप जाईना. तपासणीत एचआयव्ही निघाला. त्यानंतर घरात काय झालं असेल याची कल्पना करा. भाऊंची तपासणी केली, ती निगेटिव्ह. मुलाची केली, तीही निगेटिव्ह. (बाळंतपणानंतर वहिनी पंधरा दिवस अंथरुणावरच होत्या, अंगावर दूध आलंच नाही. मुलगा वरच्या दुधावर वाढला. त्या वेळी त्याबद्दल केवढं बोलून घेतलं होतं त्यांनी!) नवरा निगेटिव्ह, बायको पॉझिटिव्ह. सासूबाईंनी जे विचारायचं ते विचारलं. रक्ताच्या त्या तीन बाटल्यांची आठवण भाऊंना झाली. त्यांनी आईसमोर बसून ती एकदाच सांगितली आणि पुन्हा कुणाला हा विषय काढू दिला नाही. भाऊंबद्दल मला जो आदर आहे, तो त्या एका संध्याकाळमुळे आहे.

एचआयव्हीची औषधं सरकारकडून मोफत मिळायला १ एप्रिल २००४ पासूनच सुरुवात झाली होती. गांधी आणि उस्मानिया या आपल्या दोन्ही मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी एआरटी केंद्रं आहेत. वहिनी तिथे जाऊ लागल्या, वजन वाढलं, मुलाची दहावी-बारावी झाली. सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच २०११ मध्ये त्यांचं एसजीपीटी वाढलेलं दिसलं. पुढच्या तपासण्या केल्या आणि कळलं की त्या तीन बाटल्यांतून एकच पाहुणा आला नव्हता, दोन आले होते. दुसऱ्याचं नाव हिपॅटायटिस सी.

इथे थोडं थांबून सांगते. "कावीळ" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिवळे डोळे येतात. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवतं, कुणी गळ्यात माळ घालतं, आणि इथे आलो की शेजारच्या अम्मा "कामेर्लु मंदु" देणाऱ्याचा पत्ता सांगतात. हिपॅटायटिस ए आणि ई पाण्यातून येतात आणि बहुतेकांचे आपोआप जातात, त्यामुळे माळेला यश मिळतं! सीचं तसं नाही. तो रक्तातून येतो आणि बहुतेक वेळा डोळे पिवळे न करताच मुक्काम ठोकतो. शंभर जणांना लागण झाली तर साधारण तीस जण स्वतःच्या प्रतिकारशक्तीने त्याला घालवतात, सत्तर जणांत तो राहतो. बरोबर एचआयव्ही असेल तर स्वतःहून घालवणारे आणखी कमी. मग वीस-तीस वर्षं तो यकृतात चरे पाडत राहतो. चरे भरून येताना व्रण राहतात, व्रणांचं जाळं होतं, आणि शेवटी मऊ यकृताचा दगड होतो, म्हणजे सिरॉसिस. एचआयव्हीसोबत ही वाटचाल झपाट्याने होते. म्हणून दोन्ही आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत "बघू पुढे" हे धोरण सगळ्यात वाईट.

आणि मी नेमकं तेच सांगितलं होतं.

२०११ मध्ये ते अगदी चुकीचंही नव्हतं. तेव्हा उपचार एकच होता : आठवड्यातून एकदा पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या गोळ्या. एचआयव्ही असलेल्यांना हे सहसा ४८ आठवडे. खर्च लाखांत. प्रत्येक इंजेक्शननंतर फ्लूसारखा ताप, केस गळणं, भूक मरणं, आणि मनावर असं मळभ येणं की काही रुग्णांच्या डोक्यात आत्महत्येचे विचार येत. त्यात वहिनींच्या एचआयव्हीच्या औषधांत झिडोव्हुडिन होतं. ते आणि रिबाविरिन दोन्ही रक्त कमी करणारे. एवढं सोसून मिळायचं काय? दोन्ही आजार असलेल्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले होते. त्यात शंभरातले चाळीस बरे झाले होते. साठ जण वर्षभर हाल काढून रिकाम्या हाताने परतले. पोटाच्या तज्ज्ञांनी आकडे समोर ठेवले, भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "राहू द्या आत्ता. नवीन औषधं येताहेत म्हणे, आली की पाहू."

त्या इंटरफेरॉनची एक हकिकत आपल्या मुंबईची आहे. रॉश कंपनीच्या पेगासिस या औषधाला २००६ साली भारतात पेटंट मिळालं होतं. त्याला मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने आव्हान दिलं. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या, सुईने नशा करणाऱ्या माणसांमध्ये काम करणारी ही संस्था. त्यांच्याकडे येणाऱ्या अनेकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही होते, आणि औषध परवडत नव्हतं. रस्त्यावरच्या माणसांची बाजू घेऊन एका छोट्या ट्रस्टने स्वित्झर्लंडच्या कंपनीशी कज्जा मांडला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पेपरात ही बातमी कितपत आली आठवत नाही. क्रिकेटच्या मानाने कमीच आली असणार.

आता आपल्या गावाची गोष्ट. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोस्बुव्हिर नावाच्या गोळीला परवानगी मिळाली. विषाणू आपल्या प्रती काढतो तेव्हा ही गोळी त्याच्या छापखान्यात खोटा खिळा बसवते, की पुढची ओळ छापलीच जात नाही. इंजेक्शन नाही, ताप नाही, बारा आठवडे रोज गोळी. किंमत? एका गोळीला एक हजार डॉलर, पूर्ण कोर्सला ८४ हजार. तेव्हाच्या भावाने पन्नास लाख रुपये. माझ्या ओळखीतल्या एका केमिस्टने हा आकडा ऐकून विचारलं होतं, "गोली में हीरा पीस के डाले क्या मॅडम?"

सप्टेंबर २०१४ मध्ये मूळच्या गिलिअड कंपनीने सात औषध कंपन्यांना ही गोळी स्वस्तात बनवायचा परवाना दिला. त्यात आपल्या सनतनगरची हेटेरो होती. बंजारा हिल्सच्या रोड नंबर दोनवरच्या नॅटकोने मात्र आधी पेटंटलाच विरोध नोंदवला होता. दिल्लीतल्या एचआयव्हीग्रस्तांच्या संघटनेनेही विरोध केला. जानेवारी २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने एक अर्ज फेटाळला, पुढे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झालं, आणि मधल्या काळात मार्च २०१५ मध्ये नॅटकोही परवानाधारक झाली. कोर्टकचेऱ्यांच्या तपशिलात शिरत नाही. निष्पन्न एवढंच की २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली साधारण वीस हजार रुपयांना बाजारात आली. कोर्सला तीन बाटल्या लागतात. पन्नास लाखांची गोष्ट साठ हजारांवर आली, आणि तीही आपण ज्या रस्त्यांवरून रोज ट्रॅफिकला शिव्या देत जातो तिथल्या कंपन्यांकडून. त्याच वर्षी डॅक्लाटास्विर हे दुसरं औषध जोडीला आलं. दोन्ही मिळून बारा आठवडे घेतलेल्या, एचआयव्ही असलेल्या रुग्णांत शंभरातले सत्त्याण्णव बरे झाले, असं त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आठच आठवडे घेणाऱ्यांत हाच आकडा शहात्तरवर घसरला, म्हणून कोर्स मध्ये सोडायचा नाही. चाळीसवरून सत्त्याण्णव. "एचआयव्ही आहे म्हणून हिपॅटायटिसचं औषध कमी लागू पडतं" हे वाक्य त्या दिवशी जुनं झालं.

मी ही बातमी वाचली होती. चहा पिता पिता मोठ्याने वाचून दाखवली होती, "बघा, आपल्या हैदराबादने केलं!" म्हणून. आणि वहिनींना फोन केला नाही. "आली की पाहू" असं मी म्हटलं होतं हे मला आठवलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्या म्हणतात, "तुम्ही सांगाल असं वाटलं, आणि दुखत तर काहीच नव्हतं." पुढे २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि तपासणीपासून गोळ्यांपर्यंत सगळं मोफत झालं. तरी माझ्या डोक्यात दिवा पेटला नाही. रोज शंभर माणसं बघते, हे कारण आहे. सबब होऊ शकत नाही.

दिवा पेटवला तो डासाने. २०२१ च्या पावसाळ्यात वहिनींना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स खाली गेल्या, त्या सगळ्यांच्याच जातात. पण ताप जाऊन महिना झाला तरी त्या ९८ हजारांच्या वर येईनात. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, सगळं झालं. मी जुनी फाईल काढली आणि २०११ चा तो कागद हातात आला. खरं सांगते, हाताला घाम फुटला. यकृत दगडासारखं झालं की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स अडकवून ठेवते. ते डेंग्यूचं देणं नव्हतं, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या बाटल्यांचं होतं.

यकृत किती बिघडलं आहे याचा अंदाज घ्यायला नेहमी महागडं यंत्र लागतं असं नाही. एक साधा हिशेब आहे, एप्री नावाचा, आणि सरकारी कार्यक्रमातही तो वापरतात. एसजीओटीचा आकडा घ्यायचा, लॅबच्या वरच्या मर्यादेने भागायचा, शंभरने गुणायचा आणि प्लेटलेट्सच्या हजारांनी भागायचा. वहिनींचं एसजीओटी ९६, मर्यादा ४०, प्लेटलेट्स ९८ हजार. उत्तर आलं २.४५. दोनच्या वर गेलं की सिरॉसिस धरून चालायचं. पोटात पाणी नव्हतं, रक्ताची उलटी नव्हती, शुद्ध हरपलेली नव्हती, म्हणजे यकृत दगड झालं तरी अजून कसंबसं घर चालवत होतं. यानंतरच्या टप्प्यात सापडल्या असत्या तर हा लेख मला लिहिता आला नसता.

मग मात्र धावपळ केली. आधी विषाणूची आरएनए चाचणी. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : साधी अँटीबॉडी चाचणी फक्त "कधीतरी भेट झाली होती" एवढं सांगते, विषाणू आज घरात आहे का ते आरएनए सांगतं. तो होता, भरपूर होता. हिपॅटायटिस बीही तपासला, कारण बी आणि सी दोन्ही असतील तर सी गेल्यावर बी डोकं वर काढू शकतो. (अमिताभ बच्चन यांना "कुली"च्या अपघातात दिलेल्या रक्तातून झाला तो बी. लोक नेहमी घोटाळा करतात.) तो सुदैवाने नव्हता.

सिरॉसिस असल्याने वहिनींना सोफोस्बुव्हिरबरोबर डॅक्लाटास्विरऐवजी वेल्पाटास्विर द्यायचं ठरलं. इथे या दोन आजारांच्या उपचारातली खरी मेख आहे. विषाणू एकमेकांत भांडतात त्यापेक्षा त्यांची औषधं जास्त भांडतात! एव्हाना वहिनींच्या एचआयव्हीच्या गोळीत एफाविरेन्झ होतं. ते यकृतातल्या औषध जाळणाऱ्या भट्ट्या इतक्या पेटवतं की वेल्पाटास्विर रक्तात पुरेसं टिकतच नाही. ही जोडी चालत नाही. डॅक्लाटास्विर असतं तर त्याचा डोस ६० मिलिग्रॅमवरून ९० वर न्यावा लागला असता. उलट अटाझानाविर-रिटोनाविर घेणाऱ्यांना तोच डोस ३० वर आणावा लागतो. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर यातलं काहीच द्यायचं नाही, आधी टीबी संपवायचा. सुदैवाने आता आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या पसंतीचं औषध डोल्युटेग्राविर आहे आणि त्याचं या सगळ्यांशी पटतं. एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी वहिनींची गोळी बदलली, काही आठवडे जाऊ दिले, आणि मग हिपॅटायटिसची गोळी सुरू झाली. एचआयव्हीची औषधं कुणीही स्वतःच्या मनाने बंद करायची नसतात, हे मुद्दाम सांगते. एका गृहस्थांनी "दोन-दोन कशाला, एक संपवून दुसरं घेऊ" असा हिशेब केला होता.

आणखी एक गंमत. गोळी सुरू करायच्या आदल्या दिवशी मी वहिनींना विचारलं, "दुसरं काही घेता?" म्हणाल्या, "काही नाही." भाऊ हळूच म्हणाले, "सकाळची ती अ‍ॅसिडिटीची?" ती त्या आठ वर्षं घेत होत्या, म्हणून ती त्यांच्या लेखी औषध उरलीच नव्हती, चहासारखी सवय होती. पोटातलं आम्ल कमी झालं की वेल्पाटास्विर नीट शोषलं जात नाही. बारा आठवडे ती गोळी बंद केली आणि आश्चर्य म्हणजे वहिनींना अ‍ॅसिडिटी झाली नाही. तुम्हीही डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे एका पिशवीत घालून न्या. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण सोफोस्बुव्हिरबरोबर ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात.

चौऱ्याऐंशी दिवस, चौऱ्याऐंशी गोळ्या. पहिले काही दिवस थोडं डोकं दुखलं, बाकी काही नाही. संपल्यावर लगेच आनंद साजरा करायचा नसतो. बारा आठवडे थांबून पुन्हा आरएनए करायचं. मे २०२२ मध्ये तो कागद आला : "विषाणू आढळला नाही". याला डॉक्टर निःसंकोच "बरा झाला" असं म्हणतात. एचआयव्हीच्या बाबतीत हे वाक्य आम्हाला अजून बोलता येत नाही, त्यामुळे त्याची गोडी जास्त. भाऊंनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि आईच्या फोटोकडे पाहिलं. सासूबाई तोवर गेल्या होत्या.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. गेल्या वर्षी वहिनींच्या मोतीबिंदूच्या वेळी एका खासगी रुग्णालयात नेहमीच्या रक्ततपासणीत अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. ती येणारच, बरं झाल्यावरही ती बहुधा आयुष्यभर येते. तिथल्या बाई म्हणाल्या, "हिपॅटायटिस सी आहे, एचआयव्ही आहे, आमच्याकडे नाही होणार." तेही प्रतीक्षागृहात, चार माणसांसमोर. नवी सून सोबत होती. तिला एचआयव्हीबद्दल लग्नाआधीच वहिनींनी स्वतः सांगितलं होतं. तिने फोनवर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा उघडला. उपचार नाकारता येत नाहीत आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती जाहीर करता येत नाही, हे वाचून दाखवलं. मी आरएनए अहवालासह पत्र दिलं. आठ दिवसांनी तिथेच शस्त्रक्रिया झाली. सून आमच्या मंडळाच्या गणपतीत निवेदन करते, आवाज खणखणीत आहे!

घरात वेगळी ताटं-वाट्या लागतात का, हे मला अजून विचारलं जातं. नाही लागत. जेवण, मिठी, एकच मोरी, यातून ना सी पसरतो ना एचआयव्ही. रेझर, टूथब्रश, नखं कापायचं यंत्र, साखर तपासायची सुई यांवर रक्त लागतं, ते ज्याचं त्याचं वेगळं असावं. बरं झाल्यावर सी पुन्हा होऊ शकतो आणि त्याची लस नाही. आपल्या भागात एचआयव्हीसोबत सी असणं तसं कमी आढळतं. मणिपूर, पंजाब, मुंबई इथे सुईने नशा करणाऱ्या मुलांत मात्र ते फार आहे, आणि आज खरी लढाई तिथे चालू आहे. पण २००० च्या आधी रक्त घेतलेल्या, डायलिसिसवर असलेल्या, हिमोफिलिया किंवा थॅलॅसिमिया असलेल्या, आणि एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा सीची चाचणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

मी स्वतः गेल्या दोन वर्षांत जुन्या फायली चाळून काढल्या. "आली की पाहू" असं सांगितलेले आणखी तिघे सापडले. दोघांचे उपचार झाले. तिसऱ्यांचा फोन लागत नाही. ते नारायणगुड्यात राहायचे, घर बदललं असं कळलं. शोध चालू आहे.

वहिनींची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी होते, कारण विषाणू गेला तरी सिरॉसिस झालेल्या यकृतात कर्करोगाची भीती उरते. यंदाचीही स्वच्छ आली. तो अहवाल पाठवताना त्यांनी विचारलं, "आषाढी एकादशी करू का? गोळी फराळाआधी घेऊ की नंतर?" मी कळवलं, करा, पण साबुदाण्याची उसळ दोनदा नको, पाणी भरपूर प्या. डोल्युटेग्राविर उपाशीपोटीही चालतं, फक्त त्या दिवशी कॅल्शियमची गोळी त्याच्याबरोबर घेऊ नका. आधी एआरटीची घ्या, कॅल्शियमची दोन तासांनी.